कापो काक्को: रेंजर्सनी पोरगा पडत्या भावात विकला की वेळेवर विकला?

एडिसनकर
हा ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) मला अजून पचलेला नाही. डिसेंबर 2024 मध्ये आइस हॉकीच्या एनएचएल लीगमधल्या आमच्या न्यूयॉर्क रेंजर्सनी कापो काक्कोला सिअ‍ॅटल क्रॅकनकडे धाडलं. बदल्यात मिळालं काय, तर विल बोर्गन हा डिफेन्समन आणि 2025 च्या ड्राफ्टमधल्या (क्लब पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) तिसऱ्या नि सहाव्या फेरीच्या निवडी. हाच काक्को 2019 च्या ड्राफ्टमध्ये दुसरा गेला होता, त्याच्या आधी फक्त जॅक ह्यूज. (ह्यूज न्यू जर्सी डेव्हिल्सकडे. आमच्या एडिसनमधले डेव्हिल्सवाले हे रोज ऐकवतात, ते वेगळंच दुखणं.)

पोरगा चमकला नाही, मान्य. पहिल्या मोसमात 66 सामन्यांत 10 गोल. 2022-23 मध्ये 18 गोल धरून 40 पॉइंट (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून), पुढच्याच वर्षी घसरून 19. पण त्याला वापरला कसा तेही बघा की! पॉवर प्लेच्या (समोरचा खेळाडू शिक्षेवर बाहेर असतानाच्या खेळाच्या) पहिल्या तुकडीत पनारिन, झिबानेजाद, क्रायडर ठाण मांडून बसलेले, हा बहुतेक वेळा तिसऱ्या लाइनवर, म्हणजे तिघा फॉरवर्डच्या खालच्या तुकडीत. 2022 च्या प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत) लाफ्रेनिअर, हिटिल आणि काक्को यांची ‘किड लाइन’ रंगात आली होती. टॅम्पाविरुद्धचा सहावा सामना, हरलो तर मोसम खलास, आणि त्याच दिवशी याला बाहेर बसवला. हरलोच.

2024 च्या डिसेंबरात पुन्हा बाहेर. या वेळी तो पत्रकारांसमोर बोलून गेला की तरुण खेळाडूला उचलून बाहेर काढणं सोपं असतं. पाठोपाठ ट्रेड. विकायचाच होता तर 40 पॉइंटच्या मोसमानंतर विकायचा ना?

मिसिसागाचे_नाना
अहो एडिसनकर, नाव सोनूबाई नि हाती कथलाचा वाळा! ‘ड्राफ्टमध्ये दुसरा’ या बिरुदाला सहाव्या मोसमात कोण पैसे मोजणार? समोरचा क्लब बघतो आज काय खेळतोय आणि आपल्या ताब्यात किती दिवस राहील. सात मोसम भरले की एनएचएलचा खेळाडू हव्या त्या क्लबकडे जायला मोकळा, आणि काक्कोचा हा सहावा होता. उन्हाळ्यात पगारासाठी लवादाकडे जायची मुभाही त्याला होती. म्हणजे घेणाऱ्याच्या हाती दीडच मोसम, वर पगारवाढीची टांगती तलवार.

भिजत घोंगडं ठेवलं की काय होतं ते एडमंटनला विचारा. पुल्युयार्वी, 2016 च्या ड्राफ्टमधला चौथा. मध्ये फिनलंडला जाऊन आला, परतल्यावर एका मोसमात 36 पॉइंट केले. तेव्हा विकला नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये कॅरोलायनाकडे गेला, बदल्यात पुइस्टोला नावाचा एक होतकरू, बस्स. त्यापुढे बोर्गन म्हणजे घबाड. आणि रेंजर्सनी आपला कॅप्टन, डिफेन्समन ट्रूबाला डिसेंबर 2024 मध्येच अ‍ॅनाहाइमला धाडलं होतं, उजव्या बाजूला डिफेन्समन हवाच होता.

थंडगार
नाना, सॅम बेनेट. 2014 चा चौथा, कॅलगरीत 38 सामन्यांत 12 पॉइंट असताना एप्रिल 2021 मध्ये फ्लोरिडाला दिला. मिळालं काय, दुसऱ्या फेरीची एक निवड नि हाइनेमान नावाचा होतकरू. उरलेल्या 10 सामन्यांत त्याने 15 पॉइंट केले. पुढे विजेतेपदाचे दोन स्टॅन्ली कप, 2025 ला प्लेऑफमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथसुद्धा. घाई नडते ती अशी.

मिसिसागाचे_नाना
बेनेट सगळ्यांना आठवतो, याकुपोव कुणाला आठवत नाही. 2012 चा पहिला! 2016 मध्ये एडमंटनने तो सेंट लुईसला दिला, एक मायनरमधला (खालच्या लीगमधला) खेळाडू आणि तिसऱ्या फेरीची सशर्त निवड घेऊन. सेंट लुईसलाही पुढे त्याचा काही उपयोग झाला नाही. जे फसतात त्यांच्यावर कुणी धागे काढत नाही, म्हणून थांबणं शहाणपणाचं वाटतं.

नवखी_पुणेरी
मध्येच तोंड घालते, पण ट्रेड करताना खेळाडूला विचारत नाहीत का?

थंडगार
नाही. करारात तसं कलम असेल तरच नकार देता येतो, आणि ते कलम साधारण 27 वर्षं किंवा सात मोसम झाल्यावरच पदरात पडतं. काक्कोला फोन येणार, बॅग भरायची.

एडिसनकर
नाना, याकुपोव कबूल. पण मला काक्कोचं सांगा. रेंजर्सकडे 30 सामन्यांत 14 पॉइंट. त्याच मोसमात सिअ‍ॅटलकडे 49 सामन्यांत 30, त्यात 10 गोल. एकूण 44, तोवरचा त्याचा सर्वांत चांगला मोसम. पोरगा तोच, हातही तेच. सिअ‍ॅटलने वरच्या लाइनमध्ये खेळवला, एवढाच फरक. म्हणजे त्याचा भाव आपणच पाडला आणि मग ‘बाजारात एवढाच मिळतो’ म्हणून विकला.

मिसिसागाचे_नाना
49 सामन्यांत 10 गोल हे काही आभाळ फाटल्यासारखं नाही हो. त्याला सिअ‍ॅटलने 2025 च्या उन्हाळ्यात किती दिले? तीन वर्षं, वर्षाला 45 लाख 25 हजार डॉलर. रेंजर्सनी बोर्गनला किती? पाच वर्षं, वर्षाला 41 लाख. दोन्ही क्लबांनी खिशातून काढलेला हा आकडा आहे, सौदा जवळजवळ बरोबरीचा.

एडिसनकर
बोर्गन ट्रेडच्या दुसऱ्याच दिवशी 28 चा झाला. काक्को तेव्हा 24 चासुद्धा नव्हता. आणि बोर्गन येऊनही त्या मोसमात प्लेऑफ हुकलंच की.