दहा वर्षांनी परतलेला आवाज: आधी जुना ऐकवावा की नवा?

मंगळवारपेठकर:

नमस्कार मंडळी. आम्ही सात-आठ जण महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी कोल्हापुरात मंगळवार पेठेतील एका मित्राच्या माडीवर गाणे ऐकायला जमतो. बहुतेकांचे कान जयपूर-अत्रौली गायकीवर तयार झालेले आहेत, आणि सर्वांत ज्येष्ठ काका तर इथल्या देवल क्लब या संगीतसंस्थेत पन्नास वर्षांहून अधिक काळ गाणे ऐकत आले आहेत. या वेळी निवड माझ्याकडे आहे आणि मी इंग्लिश रॉक गायक डेव्हिड बोवी यांचा २०१३ सालचा ‘द नेक्स्ट डे’ हा अल्बम ऐकवणार आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २००३ मध्ये त्यांचा ‘रिअ‍ॅलिटी’ हा अल्बम आला. त्याच्याच दौऱ्यात, जून २००४ मध्ये, जर्मनीत त्यांच्या हृदयाच्या धमनीत अडथळा असल्याचे निघाले, शस्त्रक्रिया झाली आणि दौरा तिथेच थांबला. पुढे अधूनमधून ते कुणाच्या तरी कार्यक्रमात दिसले, पण नवा अल्बम नाही, मुलाखती नाहीत. अनेकांनी ते निवृत्त झाले असेच धरले होते. मग ८ जानेवारी २०१३ रोजी, म्हणजे त्यांच्या सहासष्टाव्या वाढदिवशी, कसलीही पूर्वसूचना न देता एक नवे गाणे प्रसिद्ध झाले आणि मार्चमध्ये पूर्ण अल्बम आला.

माझी अडचण क्रमाची आहे. आधी १९७७ च्या ‘हीरोज’ अल्बममधले शीर्षकगीत ऐकवले, तर पुढचा सगळा वेळ मंडळी ‘तेव्हा काय आवाज होता’ असे म्हणत बसतील. नवे आधी ऐकवले, तर हा माणूस कुठून परत आला आहे हे त्यांना कळणार नाही. शिवाय मला हा अल्बम गाण्यांमुळे आवडतो की माणूस परत आल्याच्या आनंदामुळे, हे माझे मलाच अजून नीट ठरवता आलेले नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

जुनी तबकडी:

नवे आधी ऐकवा, आणि त्यातही दोन गाणी लागोपाठ ऐकवा: जानेवारीत आलेले ते पहिले संथ गाणे आणि नंतर अल्बमचे शीर्षकगीत.

पहिले गाणे आले तेव्हा मीसुद्धा फसलो होतो. त्यातला आवाज पातळ आहे, ओळीच्या शेवटी किंचित कापतो, आणि ते ऐकून मला वाटले की आजारपणाने या माणसाचा दम नेला, आता एवढेच उरले आहे. दोन महिन्यांनी पूर्ण अल्बम हाती आला आणि पहिल्याच गाण्यात तोच माणूस गिटारींच्या वर चढून अक्षरशः ओरडत होता. तेव्हा लक्षात आले की संथ गाण्यातला थकवा हा गळ्याचा नाइलाज नसून गाण्याची गरज म्हणून निवडलेला स्वर आहे. बर्लिनमधल्या जुन्या जागा आठवत फिरणारा वयस्क माणूस जसा बोलेल, तसा तो स्वर लावला आहे. पूर्ण गळा शाबूत असताना तो एवढा आवरून लावणे आणि सबंध गाणे त्याच जागी धरून ठेवणे किती कठीण असते, हे तुमच्या बैठकीतल्या मंडळींना मी सांगण्याची गरज नाही. ही दोन गाणी शेजारीशेजारी ऐकल्याशिवाय ही निवड कळत नाही, आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तरही याच ठिकाणी आहे. माणूस परतल्याचा आनंद पहिल्या आठवड्यात होता. आज मी हा अल्बम लावतो तो या निवडीसाठी.

पंचगंगाकाठ:

तुमच्या बैठकीला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँसाहेब कोल्हापूर दरबारात येण्याआधीची हकिकत आपल्या गावातील बहुतेक दर्दी मंडळींना पाठ आहे. अमलेटा संस्थानाच्या दरबारात त्यांना इतके गावे लागले की आवाजच गेला, जवळजवळ दोन वर्षे तो परतला नाही, आणि परतला तेव्हा पूर्वीचा गोडवा त्यात नव्हता. त्या बदललेल्या आवाजाला काय पेलेल आणि काय शोभेल याचा विचार करत त्यांनी वक्र, पेचदार तानांची गायकी बांधली. आज आपण ज्या गायकीला डोक्यावर घेतो ती त्या गेलेल्या आवाजाच्या पलीकडची आहे. काकांना एवढी आठवण करून द्या आणि गाणे लावा.

कळंबारोड:

पंचगंगाकाठ यांचा दाखला मला फार आवडला, तरी तो फार ताणू नये असे वाटते. खाँसाहेबांचा आवाज गेला होता. बोवी यांचा गेला नव्हता. ते न्यूयॉर्कमध्ये कुटुंबात राहिले, मुलगी लहान होती, आणि हाती खरोखर काही असेल तेव्हाच बाहेर यायचे असा त्यांचा निश्चय असावा असे एकूण वागण्यावरून दिसते. २०११ पासून घराजवळच्या एका स्टुडिओत अधूनमधून काम चालले होते, वादकांकडून गुप्ततेचे करार लिहून घेतले होते, आणि इतक्या जणांनी ते खरोखर पाळले.

मात्र जुने गाणे पूर्ण वगळण्याला माझा विरोध आहे. अल्बमच्या मुखपृष्ठावर १९७७ च्या ‘हीरोज’चेच छायाचित्र आहे, फक्त त्यावर मधोमध पांढरा चौकोन बसवला आहे आणि जुन्या नावावर काट मारली आहे. ज्याला खालचे चित्र माहीत नाही त्याला तो चौकोन काय झाकतो आहे हे कसे कळणार? दुसरे कारण ध्वनिमुद्रणाचे आहे. दोन्हींचे निर्माते टोनी व्हिस्कॉन्टी आहेत. १९७७ मध्ये बर्लिनच्या भिंतीजवळच्या हान्सा स्टुडिओत त्यांनी तीन माईक लावले होते: एक सुमारे ९ इंचांवर, दुसरा २० फुटांवर आणि तिसरा ५० फुटांवर. लांबचे माईक आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला तरच उघडत, त्यामुळे गायकाला त्या दालनाचा शेवट गाठण्यासाठी गळा ताणावाच लागे आणि प्रत्येक कडव्यागणिक आवाजाभोवतीची जागा मोठी होत जाई. २०१३ च्या त्या संथ गाण्यात गायक आपल्या अगदी शेजारी बसल्यासारखा ऐकू येतो. आवाज किती उरला हे बाजूला ठेवून तो किती अंतरावरून येतो आहे हे ऐकायला सांगितले, तर तुलनेतून उसासे निघणार नाहीत. म्हणून जुने गाणे शेवटी लावा, पण लावाच.

जाता जाता आणखी एक. चौदाही गाणी एका बैठकीत ऐकवू नका. उत्तरार्धातली दोन-तीन मला आजही भरीची वाटतात.

राजारामपुरी आठवी गल्ली:

गाण्यापूर्वी बर्लिनविषयी दोन वाक्ये अवश्य सांगावीत. १९७६ ते १९७८ या काळात ते पश्चिम बर्लिनमध्ये राहत होते, आणि त्या संथ गाण्यात ज्या पुलाचा उल्लेख येतो तो ब्योझेब्रुके म्हणजे ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री जिथली पूर्व-पश्चिम बर्लिनमधली सीमा सर्वांत आधी उघडली ती जागा. हे ठाऊक नसेल तर नुसती परक्या गावची नावे कानावर पडतात.

मंगळवारपेठकर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कालच बैठक झाली, म्हणून वृत्तांत देतो.

जुनी तबकडी यांनी सांगितल्याप्रमाणे संथ गाणे आधी लावले. ते संपल्यावर कुणी काही बोलले नाही. काकांनी फक्त तर्जनी वर करून पुन्हा लावण्याची खूण केली. दुसऱ्यांदा ऐकताना ते डोळे मिटून मांडीवर बोटाने ठेका धरत होते, आणि शेवटाकडे ढोल चढू लागतात तिथे त्यांचे बोट थांबले. नंतर म्हणाले, “याने श्वास लपवलेला नाही. ओळ जिथे तुटते तिथे तुटू दिली आहे.” त्यानंतर शीर्षकगीत लावले तेव्हा हा तोच गायक आहे यावर त्यांचा विश्वास बसेना आणि मला मुखपृष्ठावरचे नाव दाखवावे लागले. खाँसाहेबांची हकिकत मी सांगायला घेतली तर ती पूर्ण त्यांनीच सांगितली, आणि कळंबारोड यांच्यासारखाच भेदही स्वतःहून केला: तिथे गळा बदलला म्हणून गाणे बदलले, इथे गाणे बदलले म्हणून गळा बदलून लावला.

१९७७ चे गाणे सर्वांत शेवटी लावले. मी माईकविषयी मुद्दाम काही बोललो नव्हतो. तिसऱ्या-चौथ्या कडव्याला काका पुढे सरकून बसले आणि गाणे संपताच त्यांनी विचारले, “हा कुठल्या मोठ्या दिवाणखान्यात उभा राहून गात होता का?” मग ती ९ इंच, २० फूट आणि ५० फुटांची गोष्ट सांगितली, आणि पुढचा अर्धा तास देवल क्लबात माईक नसताना मागच्या रांगेपर्यंत गाणे कसे पोहोचत असे यावरच बोलणे झाले.

पुढच्या महिन्यात त्यांचा शेवटचा अल्बम ‘ब्लॅकस्टार’ ऐकवावा अशी मंडळींची इच्छा आहे. तो ८ जानेवारी २०१६ रोजी आला आणि दोनच दिवसांनी ते गेले. ही तारीख मी अल्बम पूर्ण ऐकून झाल्यावरच सांगणार आहे.