मदत हवी आहे: बाळंतिणीच्या उशाखालचं लोखंड

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला, पंचवटीत राहतो. बहीण बाळंतपणाला आली आहे आणि आजीचा हुकूम आहे की बाळाच्या उशाशी विळा हवाच. सव्वा महिना! धारदार वस्तू तान्ह्याजवळ ठेवायला आईचा विरोध, त्यामुळे घरात रोज वाद.

लोखंड जवळ असलं की बाहेरची बाधा होत नाही, ही समजूत मला थोतांड म्हणून उडवून लावायची नाही, कारण ती फार लांबवर पसरलेली दिसते. आयर्लंडमध्ये पऱ्या बाळ पळवून त्या जागी आपलं ठेवतात असं मानत, म्हणून पाळण्यावर चुलीचा लोखंडी चिमटा आडवा टाकत. रोमन लेखक प्लिनीने तर पहिल्या शतकातच लिहून ठेवलंय की थडग्यातून उपटलेले खिळे उंबऱ्यात ठोकले की रात्रीची भयस्वप्नं येत नाहीत. (थडग्यातले खिळे आणायला कोण जात असेल देव जाणे.) आपल्याकडे दारावर घोड्याची नाल असतेच.

तर विचारायचं असं की निफाड, येवला, पेठ, सुरगाणा भागात तुमच्या घरी नेमकं काय ठेवतात? अडकित्ता, सुरी, कोयता? पाचवीच्या पूजेपुरतं की सव्वा महिनाभर? साती आसरांसाठीही (पाण्यातल्या सात देवता) लोखंड वापरतात का? आणि मुख्य म्हणजे, बोथट काही चालतं का? मी उलथनं सुचवलं, तर आजी दिवसभर बोलली नाही. नाल गादीखाली ठेवली तर चालेल का, हे जाणत्या बायकांना विचारून सांगा. बारसं जवळ आलंय, लवकर कळवा.