कानापुढं जबडा कट्‌कट् वाजतो, सकाळी तोंड उघडत नाही. कुणाला दाखवू?

मांजराकाठची
नमस्कार. मी अंबाजोगाईची, शाळेत शिकवते. दोन महिने झाले, डाव्या कानापुढं दुखायलंय. जांभई दिली की कट् वाजतं. सकाळी जबडा आखडलेला असतो, पहिला तास संपेपर्यंत सुटतो. कानाच्या डॉक्टरांनी कान चांगला आहे म्हणून परत पाठवलं. दाताच्या एका दवाखान्यात अक्कलदाढ काढू म्हणाले, दुसऱ्यात दात घासून चावा जुळवू म्हणाले. दाढ तर दुखतच नाही! लातूरला जावं का संभाजीनगरला? हुरड्याचे दिवस, आणि मी वरणभात गिळतेय.

बालाघाटी
ताई, आमच्या मंडळींना हेच झालतं. गावाकडं एक जण झटका देऊन जबडा बसवतो म्हणून नेलं, तर आठ दिवस तोंडच उघडेना. तसल्याकडं चुकूनही जाऊ नका. शेवटी रात्री दातावर घालायच्या गार्डनं आणि शेकानं उतार पडला. दोन महिने लागले मात्र.

दाढीवाली_डॉक्टर (दाढ वाली, दाढी नाही!)
ताई, दाढ राहू द्या आणि दात तर अजिबात घासून घेऊ नका. घासलेला दात परत येत नाही.

करंगळी कानात घालून तोंड उघडा-मिटा. हलतो तोच सांधा, म्हणून दुखणं कानाचं वाटतं. त्यात दोन हाडांमध्ये एक चकती असते. ती पुढं सरकलेली असली आणि तोंड उघडताना जागेवर आली, की कट् होतं. नुसता आवाज असेल, दुखत नसेल, तोंड पूर्ण उघडत असेल, तर काहीच करायचं नसतं. पुष्कळांचा वाजतो. तुमचं सकाळचं आखडणं मला चावण्याच्या स्नायूंचं वाटतंय. रात्री दात खाता का, घरच्यांना विचारा.

तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. साधारण ४० मिमी उघडायला हवं.

तोवर ऊस, हुरडा, शेंगदाणे बंद. भाकरी दुधात कुस्करून खा. ओल्या फडक्याचा गरम शेक १५-२० मिनिटं, दिवसातून दोनदा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ओठ मिटलेले पण दात सुटे. घास चावताना सोडून दाताला दात लागायचं काम नाही. यानंच बऱ्याच जणांना बरं वाटतं.

संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात ओरल मेडिसिनला, म्हणजे तोंडाच्या आजारांच्या विभागात दाखवा. गार्ड लागलाच तर दातांचं माप देऊन करून घ्या, ऑनलाइनचा नको. साध्या एक्स-रेत हाड दिसतं, चकती नाही. एमआरआय मात्र उगाच काढू नका, तोंड अडकायला लागलं तर बघू. चढ चढताना जबडा दुखून हातात कळ आली, घाम फुटला, तर दाताकडं नाही, आधी हृदयाच्या डॉक्टरकडं पळा.

घरात कुणी सुपारी, गुटखा खातं का?

मांजराकाठची
मॅडम, काल पेपर तपासताना लक्ष ठेवलं, दात गच्च आवळलेले! आणि हे म्हणायलेत, रात्री कर्रकर्र आवाज येतो, त्यांना वाटलं उंदीर. माझी तीन बोटं जातात. पण घरात सगळ्यांनी बोटं घालून बघितली, तर दिराची दोनच, तीही कशीबशी. पुडी खातात. तिखटानं तोंड भाजतं म्हणून भाजीत दही कालवतात. त्यांचाही सांधाच का?

दाढीवाली_डॉक्टर
नाही हो. सुपारीनं गालाची आतली त्वचा आवळत चालली असावी. त्याला शेक नाही, गार्ड नाही. गुटख्यावर बंदी २०१२ पासून आहे, मिळतो मात्र पानटपरीवर! पुडी आजपासून बंद करा आणि तुमच्याआधी त्यांना दाखवा. यातून पुढं कॅन्सर होऊ शकतो.

मांजराकाठची
सोमवारी दोघं येतोय. ते नाही म्हणायलेत, पण सासूबाईंनी गाडीची चावी स्वतःकडं ठेवून घेतलीय. केसपेपर किती वाजेपर्यंत काढतात?