मदत हवी आहे: बॉक्सिंगचा ७-० भारी की एमएमएचा ७-४?

म्हापसेकार
नमस्कार मंडळी. म्हापशात क्लबचा कार्यक्रम आहे, त्याची पत्रिका लिहायचं काम माझ्याकडे आलंय. मुख्य नावं दोन: एक प्रोफेशनल बॉक्सर, रेकॉर्ड ७-०, म्हणजे सात विजय, शून्य पराभव. दुसरा एमएमएवाला (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं तो खेळ), ७-४. प्रायोजक म्हणतो, "चारदा हरलेल्याचं नाव वर कशाला?" मला ते पटत नाही, पण त्याला समजावू कसं? दोन्ही खेळांत रेकॉर्ड एकाच मापाने बघतात का? आणि पत्रिकेत नेमकं काय छापावं?

मांडवीकाठ
एकाच मापाने? छे. नारळ नगावर विकतात, काजूबिया किलोवर.

बॉक्सिंगमध्ये सुरुवातीच्या लढती प्रमोटर जुळवतो, आणि त्याचे पैसे आपल्या पोराच्या शून्यात अडकलेले असतात. आधी चार राउंड, मग सहा, मग आठ. समोर आणतात तो 'जर्नीमन', म्हणजे नव्या पोरांना राउंड खेळवण्यावर पोट असलेला माणूस. इंग्लंडचा क्रिस्टियन लेट ३०० लढती खेळला: १२ विजय, २७९ पराभव, ९ बरोबरी. त्यातली प्रत्येक हार कुणाच्या तरी खात्यात विजय म्हणून जमा आहेच ना!

लांब कशाला, पणजीतलंच बघा. मार्च २०२१, मांडवीतलं कॅसिनोचं जहाज. विजेंदर सिंग १२-०, समोर रशियाचा आर्तिश लोपसान, जेमतेम सहा लढतींचा. पाचव्या राउंडला लढत थांबली, विजेंदर हरला आणि त्याचं शून्य गेलं. १२-० खोटं नव्हतं. ते कुणाविरुद्ध, एवढंच त्या आकड्यात दिसत नव्हतं.

यूएफसीत, म्हणजे एमएमएच्या सगळ्यात मोठ्या कंपनीत, दोन्ही लढवय्ये एकाच कंपनीच्या करारावर असतात. कुणीही जिंकला तरी कंपनीचं दुकान चालू, त्यामुळे एकाला जपायचं कारण कमी. चार्ल्स ऑलिव्हेरा मे २०२१ मध्ये चॅम्पियन झाला तेव्हा त्याच्या नावावर आठ पराभव होते. रँडी कुटूर दोन वजनगटांत चॅम्पियन, रेकॉर्ड १९-११. आपली पूजा तोमर २०२४ मध्ये यूएफसीत उतरली ती चार पराभव घेऊनच, म्हणजे तुमच्या माणसाइतकेच.

कोपऱ्यातला टॉवेल
वरचं बरोबर आहे, पण सगळं खापर प्रमोटरवर नको. खेळाची घडणच वेगळी. बॉक्सिंगच्या बारा राउंडच्या लढतीत चार राउंड गमावले तरी ११६-११२ अशा गुणांनी आरामात जिंकता येतं. एमएमएत साधी लढत पाच-पाच मिनिटांच्या तीन राउंडची. एक गेला की उरलेले दोन्ही घ्यावेच लागतात, तेव्हा कुठे २९-२८.

दुसरं, बॉक्सिंगमध्ये खाली पडलात तर रेफरी मोजतो, निदान आठापर्यंत डोकं ठिकाणावर आणायला वेळ मिळतो. एमएमएत मोजणीच नाही. पडलात की समोरचा अंगावर. ग्लोव्ह चार औंसाचे, बॉक्सिंगमध्ये आठ किंवा दहा. वर गळा, हात, गुडघा अडकून टॅप करायची, म्हणजे हाताने थोपटून हार मानायची, भीती वेगळीच.

मात्र ७-४ म्हणजे आपोआप भारी, असंही नाही हं. छोट्या एमएमए स्पर्धांत पहिल्यांदाच उतरलेली पोरं समोर देऊन फुगवलेली रेकॉर्डं भरपूर सापडतात.

मांडवीकाठ
मान्य. म्हणून तपासून घ्या. बॉक्सरसाठी बॉक्सरेक, एमएमएसाठी शेरडॉग किंवा टॅपॉलॉजी, या रेकॉर्ड ठेवणाऱ्या वेबसाइट आहेत. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचं *त्या दिवशीचं* रेकॉर्ड कागदावर उतरवा, आजचं नको. तेव्हा ९-० असलेला आज ९-६ असेल. मग पराभव तारखेच्या क्रमाने लावा. सुरुवातीला ०-३ आणि नंतर ७-१, हा शिकत गेलेला. आधी ७-०, मग ०-४, याला समोरच्यांनी वाचलंय. चारपैकी तीन वेळा एकाच फासात टॅप केला असेल तर तिथे भोक आहे.

नुसत्या आकड्याने फसू नका. यूएफसी चॅम्पियन राहिलेल्या जॉन जोन्सच्या नावावरचा एकमेव पराभव २००९ चा, तोही वरून सरळ खाली कोपर मारल्याबद्दल बाद ठरल्याचा, कारण तसं मारणं तेव्हा बेकायदा होतं. तो नियमही २०२४ मध्ये काढून टाकला.

म्हापसेकार
बघितलं. बॉक्सरच्या सातपैकी चार प्रतिस्पर्धी ०-० होते, उरलेल्या तिघांचे मिळून दोन विजय! एमएमएवाल्याचे तीन पराभव पॉइंटवर, त्यातले दोन जजमध्ये मतभेद होऊन. एक गळा आवळून. बॉक्सरचे वडील म्हणतात, राज्य स्पर्धेतली पदकंही रेकॉर्डमध्ये धरा. धरायची का?

कोपऱ्यातला टॉवेल
नाही. अमॅच्युअर, म्हणजे हौशी, रेकॉर्ड वेगळं. २०२३ च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतलं सुवर्णसुद्धा प्रो रेकॉर्डमध्ये येत नाही. पदकं खाली स्वतंत्र ओळीत द्या, मान राहतो. प्रदर्शनी लढतीही मोजत नाहीत.

छापताना विजय कसे आले ते लिहा: "७-४ (३ नॉकआउट, ३ सबमिशन, १ निर्णय)", आकडे अर्थात तुमचे टाका. सबमिशन म्हणजे समोरच्याला टॅप करायला लावणं, निर्णय म्हणजे जजच्या गुणांवर. बॉक्सिंगमध्ये बरोबरी असेल तर तिसरा आकडा. एमएमएत 'नो कॉन्टेस्ट', म्हणजे निकालच न धरलेली लढत, असेल तर कंसात. तो हार-जीत दोन्हीत धरत नाहीत.

म्हापसेकार
देव बरें करूं, दोघांनाही. आज प्रायोजकाला त्या सात जणांची यादीच दाखवतो.

मांडवीकाठ
दाखवा, पण बॉक्सरच्या वडिलांसमोर नको.