टायमिंग बेल्ट बसवल्यावर क्रँकचे दोन फेरे द्यावेत

गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकून ढकलली की इंजिन हवे तसे फिरवता येते, हे काही जणांचे मत व्हॉल्व्हचे अंतर (व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा भाग यांमधली फट) तपासण्यापुरते मला मान्य आहे. टायमिंग बेल्टच्या, म्हणजे क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना जोडणाऱ्या दातेरी पट्ट्याच्या कामात मात्र ते धोक्याचे आहे, कारण गाडी जराशी मागे सरकली तरी क्रँक उलटा फिरतो आणि बेल्ट दात सोडू शकतो. त्याऐवजी सगळे स्पार्क प्लग काढून क्रँक पुलीच्या बोल्टला सॉकेट लावावे आणि इंजिनाच्या नेहमीच्या दिशेनेच सावकाश फिरवावे.

कोथरूडला आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मी बेल्ट बदलला, तेव्हा क्रँक आणि कॅमच्या जुळवणीच्या खुणा पहिल्याच प्रयत्नात जुळल्या होत्या, पण क्रँकचे दोन पूर्ण फेरे दिल्यावर कॅमची खूण एका दाताने सरकलेली दिसली. क्रँकच्या 2 फेऱ्यांत कॅमचा 1 फेरा होतो, म्हणून एकाच फेऱ्यानंतर कॅमची खूण विरुद्ध बाजूला दिसली तर घाबरून बेल्ट काढू नये. फिरवताना मध्येच कठीण लागले, तर मात्र जोर अजिबात लावू नये. पिस्टन व्हॉल्व्हला टेकलेला असू शकतो.