गर्भपात: झाला, केला की करून घेतला?

जॉन आयर्व्हिंग यांची 'द सायडर हाउस रूल्स' (१९८५) ही कादंबरी या पावसाळ्यात दुसऱ्यांदा वाचली आणि एका वाक्यापाशी अडले. अमेरिकेतल्या मेन राज्यात, एका आडबाजूच्या अनाथाश्रमात डॉ. विल्बर लार्च बाळंतपणं करतात आणि कायद्याला चोरून गर्भपातही. पहिल्याला त्यांचे सहकारी देवाचं काम म्हणतात, दुसऱ्याला सैतानाचं. लार्चना दोन्ही देवाचीच कामं वाटतात. ते बाळांना 'डिलिव्हर' करतात तसं आयांनाही 'डिलिव्हर' करतात, असं तिथे आहे. इंग्रजीत त्या क्रियापदाचे दोन अर्थ: प्रसूती करणं आणि सोडवणं. मराठीत काय म्हणायचं?

'प्रसूती' धरून बसले तेव्हा काहीच जमेना. मग आजी आठवली. शेजारची सून दवाखान्यात गेली की ती दारातूनच विचारायची, "सुटली का गं?" बाई अडते, बाई सुटते, मोकळी होते. आपल्याकडे बाळंतपण ही मुळातच सुटका, आणि सुटते ती बाई. मग लार्च 'अडलेल्या बायकांना सोडवत' एवढं म्हटलं की दोन्ही कामं त्यात आली. मला तर हे मूळ इंग्रजीपेक्षाही मायेचं वाटलं.

गर्भपात या शब्दाशी मात्र माझं जमत नाही. 'पात' म्हणजे पडणं. कुणी पाडलं की आपसूक पडलं, हे नाम सांगतच नाही, सगळा भार क्रियापदावर येतो. 'झाला' म्हटलं की हळहळ, 'केला' म्हटलं की भुवया वर. आयुर्वेदानेही फरक केला तो महिन्यांवरून: चौथ्या महिन्यापर्यंत गर्भस्राव, पाचव्या-सहाव्यात गर्भपात. कर्ता कोण, हा प्रश्न तिथे नाही.

माझ्या धाकट्या बहिणीचं तिसऱ्या महिन्यात आपोआप गेलं. घरी सोडताना दिलेल्या कागदावर लिहिलं होतं, 'इनकम्प्लीट अबॉर्शन'. रिक्षात तिने तो कागद मांडीवर उलगडला, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "ताई, मी कुठे काय केलं?" डॉक्टरी भाषेत आपोआप पडलं तरी ते अबॉर्शनच. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. 'आपोआप' हा एक मराठी शब्द शेजारी लिहायला किती वेळ लागला असता?

आणि भ्रूणहत्या! हा शब्द निकाल आधी देतो आणि सुनावणी मागाहून घेतो. तेंडुलकरांनी हे १९६७ मध्येच ओळखलं होतं. 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये बेणारेबाईंवर खेळातल्या कोर्टात आरोप येतो तो भ्रूणहत्येचा, आणि शेवटी तेच कोर्ट तिच्या पोटातला गर्भ नष्ट करण्याची शिक्षा सुनावतं. नाटक आलं तेव्हा आईचा जीव वाचवण्यापुरता अपवाद सोडला तर गर्भपात हा गुन्हाच होता. गर्भपाताला परवानगी देणारा कायदा १९७१ साली झाला, १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला.

पुढे लिंग तपासून मुली नाकारण्याविरुद्ध चळवळ उभी राहिली. महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला, केंद्राने १९९४ मध्ये. चळवळ शंभर टक्के योग्य. पण भिंतीभिंतींवर रंगवलेला 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द मला चुकीचा वाटतो. एक तर साधारण आठ आठवड्यांनंतर भ्रूणाला गर्भ म्हणतात, आणि सोनोग्राफीत लिंग दिसतं ते त्याच्याही नंतर. दुसरं मोठं कारण म्हणजे, त्यातली 'हत्या' हळूहळू प्रत्येक गर्भपाताला चिकटली. आपल्या कायदेशीर हक्कासाठी गेलेली बाईसुद्धा खालच्या आवाजात बोलते. 'गर्भलिंगनिवड' म्हणावं. गुन्हा निवडीत आहे आणि बोट तिथेच ठेवायला हवं.

कायद्याचे शब्दही बदलतातच. संततिनियमनाचं साधन फसलं तर, या कलमात १९७१ साली 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' होतं. २०२१ च्या दुरुस्तीत 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' आलं. सज्ञान बाईला तर पहिल्यापासून फक्त स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्याने कधीच मागितली नव्हती, तरी अजून मागतात.

घरगुती बोलणं वेगळंच. माझ्या आईच्या पिढीत 'पिशवी साफ केली' किंवा 'क्युरेटिंग केलं' म्हणत. त्यात बाळही नाही आणि बाईही नाही, नुसती पिशवी. आडोसा म्हणून तो शब्द तेव्हा कामाला आला असेल, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी एकदा कणीक मळता मळता सांगितलं, "दोघांवर एक पाडलं, मग आप्रेशन केलं." हात थांबला नाही, आवाज उतरला नाही. 'पाडलं', सरळ प्रयोजक क्रियापद, करणारी मी. कादंबरीतल्या सैतानाच्या कामाला माझ्या वहीत सध्या हाच शब्द लिहून ठेवलाय.

'सुटका' हा शब्द गर्भपातासाठी कुणी वापरलेला ऐकलाय का? वऱ्हाडात, मालवणीत, गोव्याकडे बायका आपसात काय म्हणतात? कोशातला शब्द नको, स्वयंपाकघरातला हवा. आणि शक्य असेल तर अख्खं वाक्य द्या, म्हणजे त्यात कर्ता कोण आहे ते कळेल.