मदत हवी आहे : 'जॉली एलएलबी'तील जनहित याचिका कायद्याच्या चौकटीत कशी बसवावी?

नमस्कार. विधी शाखेच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांबरोबर चित्रपट पाहून त्यावर चर्चा करण्याचा एक उपक्रम मी चालवते आणि पुढच्या वेळेसाठी सुभाष कपूर यांचा २०१३ सालचा 'जॉली एलएलबी' निवडला आहे. मी साहित्य शिकवते, वकिली केलेली नाही. त्यामुळे फौजदारी न्यायालयात प्रत्यक्ष काम करणाऱ्या जाणकारांकडून एका मुद्द्यावर मार्गदर्शन हवे आहे.

चित्रपट बहुतेकांनी पाहिलेला असेल, म्हणून कथा थोडक्यात सांगते. फुटपाथवर झोपलेल्या मजुरांना गाडीखाली चिरडणारा श्रीमंत घरातला मुलगा नामांकित वकिलाच्या जोरावर निर्दोष सुटतो आणि मेरठहून दिल्लीला आलेला, हाताशी फारसे काम नसलेला जॉली जनहित याचिका दाखल करून तेच प्रकरण पुन्हा न्यायालयासमोर आणतो. माझी अडचण नेमकी इथेच आहे. माझ्या वाचनाप्रमाणे जनहित याचिका राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात किंवा अनुच्छेद ३२ खाली सर्वोच्च न्यायालयात दाखल होते आणि ती सहसा शपथपत्रांवर चालते. चित्रपटात मात्र याच याचिकेत साक्षीदार पिंजऱ्यात उभे राहतात, त्यांची उलटतपासणी होते आणि शेवटी आरोपीला शिक्षाही सुनावली जाते. म्हणजे नाव याचिकेचे आणि कामकाज सत्र खटल्याचे.

त्याहून मोठा प्रश्न निर्दोष सुटकेचा आहे. अनुच्छेद २०(२) मधले संरक्षण खटला चालून शिक्षा झालेल्या माणसासाठी आहे, पण फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३०० (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३३७) निर्दोष सुटलेल्यालाही त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटल्याला सामोरे जाण्यापासून वाचवते. सुटकेविरुद्ध राज्य सरकारला अपील करता येते आणि २००९ च्या अखेरीपासून पीडितालाही कलम ३७२ च्या परंतुकाने तो हक्क मिळाला आहे. हा हक्क चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच अस्तित्वात होता, म्हणून मेलेल्या मजुरांपैकी एखाद्याच्या वारसाला शोधून जॉलीने त्याच्या वतीने अपील केले असते तर कथा कायद्यातही बसली असती आणि माझ्या मते अधिक हृद्य झाली असती.

फेरखटल्याची उदाहरणे मला माहीत आहेत. गुजरात दंगलीतील बेस्ट बेकरी हत्याकांडाच्या प्रकरणात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सुटका रद्द करून गुजरातबाहेर, महाराष्ट्रात, फेरखटला चालवण्याचा आदेश दिला होता. फुटपाथचेच उदाहरण हवे असेल तर मुंबईत कार्टर रोडवर २००६ साली झोपलेल्या सात मजुरांचा जीव घेणाऱ्या अपघाताचे आहे. त्यात सत्र न्यायालयाने भारतीय दंड संहितेचे केवळ निष्काळजीपणाचे कलम ३०४-अ लावून सहा महिन्यांची शिक्षा दिली होती, उच्च न्यायालयाने ती वाढवून सदोष मनुष्यवधाखाली तीन वर्षे केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ती कायम ठेवली. पण या दोन्ही प्रकरणांत सुटकेचा किंवा सौम्य शिक्षेचा निर्णय वरच्या न्यायालयाने फिरवला. घटनेशी संबंध नसलेल्या एका वकिलाची याचिका खालच्या पातळीवर नव्या खटल्यासारखी चालली, असे कुठेच झाले नाही.

तरीही हा चित्रपट मला सोडायचा नाही. फुटपाथ झोपण्यासाठी नसतो या युक्तिवादाला तो गाडी चालवण्यासाठीही नसतो असे उत्तर जॉली देतो, त्या क्षणी विनोदी चित्रपट एकदम गंभीर होतो आणि तोपर्यंत हसणारा प्रेक्षक आपसूक सावरून बसतो. सौरभ शुक्ला यांनी रंगवलेला न्यायाधीश आधी काहीसा कंटाळलेला, तडजोडीला सरावलेला वाटतो आणि हळूहळू त्याच्यातला न्यायाधीश जागा होतो. त्यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो अगदी योग्यच होता. आपले रमेश देव छोट्याशा भूमिकेत आहेत, तेही मुलांना आवर्जून दाखवायचे आहे.

तर जाणकारांनी कृपया एवढे सांगावे. निर्दोष सुटकेनंतर त्रयस्थ व्यक्तीच्या जनहित याचिकेवरून उच्च न्यायालयाने फेरखटल्याचा किंवा फेरतपासाचा आदेश दिल्याचा एखादा निवाडा आहे का, आणि असल्यास तो कोणत्या कारणांवर उभा होता? पुनरीक्षणात, म्हणजे खालच्या न्यायालयाचा निर्णय तपासून पाहताना, उच्च न्यायालय सुटकेचे रूपांतर थेट दोषसिद्धीत करू शकत नाही, असे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४०१(३) (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४४२(३)) सांगते. मग जॉलीसाठी पुनरीक्षण अर्ज करून फेरखटला मागणे हा अधिक योग्य मार्ग ठरला असता का? आणि ज्यांनी सत्र न्यायालयात काम केले आहे त्यांनी हेही सांगावे की, नवख्या वकिलाची उलटतपासणी चालू असताना न्यायाधीश स्वतः साक्षीदाराला कितपत प्रश्न विचारतात, कारण कायदा त्यांना ती मोकळीक देतो आणि मुले हा प्रश्न हमखास विचारतील. निवाड्याचे नाव आणि वर्ष दिले तरी पुरेल, पुढचे वाचन मी करेन.